सातनंतरची चिठ्ठी

सातपूर कॉलनीतल्या माझ्या दवाखान्यात
चिठ्ठी कार्बन लावून लिहिते मी.
वरची पेशंटच्या पिशवीत जाते,
खालची गंगुर्डे कंपाउंडरांच्या तारेवर.

चौदा महिन्यांची ती तार
त्यांच्या पुतणीने, दीक्षाने, सुट्टीत रिकामी केली
आणि लॅपटॉपवर रकान्यांत भरली.
माझं अक्षर लागेना तिथे प्रश्नचिन्ह टाकलं.
प्रश्नचिन्हं झाली दोनशे अकरा.

मग एके दुपारी तिने विचारलं,
"मॅडम, सर्दीला सकाळी वाफ
आणि सातनंतर अ‍ॅझिथ्रोमायसिन,
असं पुस्तकातच असतं का?"

मी हसले.
मग तिने आलेख फिरवून माझ्याकडे केला.
सातपर्यंत रेघ मुकाट चालते,
सातला एमआयडीसीतून माणसं सुटतात
आणि ती जिना चढल्यासारखी चढते.
बाकावर बारा जण, पायरीवर सहा,
"स्ट्राँग काहीतरी द्या, उद्या खाडा नको."
समजावून सांगायला चार मिनिटं लागतात.
गोळी लिहायला चार सेकंद.

अंधार पडला म्हणून सर्दी बदलत नाही.
मी दमते.

त्याच यादीत खाली एक नाव होतं:
सगुणाबाई खैरनार, बासष्ट, बीपीची गोळी माझीच.
गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, अकरा वेळा.
मी तर प्रत्येक वेळी
एकदाच दिलं होतं.

फोन करून बोलावलं, रक्त तपासलं.
क्रिएटिनिन एक पॉइंट नऊ.
चूक माझी, हे मी त्यांना सांगितलं.
त्या रिपोर्टकडे न बघता म्हणाल्या,
"ते ठीक. पण आता गुडघ्याला काय?"

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये
त्या उभ्याने तीनशे पोळ्या लाटतात,
हे चौदा महिन्यांत मी विचारलं नव्हतं.
साधं पॅरासिटामोल लिहिलं,
खाली लिहिलं: उंच स्टूल.
कॅन्टीनवाल्याला वाचता यावं
म्हणून सुट्ट्या अक्षरांत.

संध्याकाळी दीक्षा ती प्रत घेऊन आली.
"हे कुठल्या रकान्यात?"
नवा कर, म्हटलं.

आता सातला दहा मिनिटं दार लोटून चहा घेते.
भिंतीवर तिचा आलेख आहे, टाचणीने लावलेला.
रेघ उतरली आहे थोडी, सगळी नाही.
काही पेशंटही उतरले,
समोरच्या दवाखान्यात जातात,
तिथे स्ट्राँग मिळतं.

गंगुर्डे तारेवर चिठ्ठी खोचताना
हल्ली आधी वाचून बघतात.
काल म्हणाले,
"मॅडम, हे अक्षर लागत नाही."
मी परत लिहिली.