पाण्याने ओढलेली रेघ

एकेचाळिसाव्या दिवशी विद्यापीठाचं फाटक उघडलं.
आत आधी नाव गेली, मग आम्ही,
कारण रजिस्ट्रारच्या कचेरीपुढे अजून मांडीइतकं पाणी.
वल्हं पहारेकरी चलोमच्या हातात.
सवयीने म्हणाला, "ओळखपत्र दाखवा,"
आणि स्वतःच हसत सुटला.

भिंतींवर रेघ.
व्याख्यानगृहात, उपाहारगृहात,
जुन्या कुलगुरूंच्या तसबिरीत बरोबर मिशीखालून,
सगळीकडे एकाच उंचीची, तपकिरी,
पाणसळ लावून कुणी मारावी तशी.
पाण्यावरची रेघ टिकत नाही म्हणतात.
पाण्याने ओढलेली पुसून बघा.
ख्वान काथ्या आणि ब्लीच घेऊन तीन दिवस घासत बसली,
रेघ जराशी गोरी झाली, एवढंच.

ग्रंथालयाबाहेर दोऱ्या बांधल्या.
कायदा, रसायनशास्त्र, पालीचं व्याकरण,
फुगून उशांएवढी झालेली पुस्तकं
वाळत टाकली कपड्यांसारखी.
आजान मालिवन आपला प्रबंध शोधत होत्या.
सापडला. पानं सुटेनात.
"सात वर्षं," त्या म्हणाल्या, "एक वीट."
आणि वाऱ्याने दार आपटत होतं तिथे
ती वीट लावून ठेवली.
अजून तिथेच आहे. कामाची आहे.

जलतरण तलावात एक घोरपड राहायला आली होती.
आमच्याकडे तिचं नाव म्हणजे शिवी,
म्हणून सगळे म्हणत, "चांदी-सोनं आलंय."
चांदी-सोनं गाळात पोट टेकून
आमच्याकडे बघायचं,
फी भरायला उशीर झालेल्यांकडे
खिडकीतला कारकून बघतो तसं.

माझी खोली बियाण्याची.
एकोणीस वर्षं मी तिथला थर्मामीटर वाचते
आणि वहीत लिहिते, एवढीच माझी विद्या.
तीनशे चाळीस खण, सगळे फुगून घट्ट बसलेले.
चलोमने पहार आणली.
एकेक खण किंचाळत उघडला, आणि तो वास,
तो मी सांगणार नाही.
भात, मूग, तीळ, भात, भात,
काळा लगदा, त्यावर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी
निळ्या डागासारखी.

खण एकशे बारा.
खोल पाण्यातला भात. पाणी चढेल तसा चढणारा,
आयुथयाच्या खालच्या एका गावातून आणलेला.
देणाऱ्या बाईने तेव्हा सांगितलं होतं,
"याला पुराची भीती घालू नका, ऐकत नाही."
अंधारात, लाकडाला चिकटून
पांढरे, आंधळे कोंब.
मूठभर. बाकी सडलेलं.
चलोमने पहार खाली ठेवली
आणि का कोण जाणे, चपला काढल्या.

नुकसानीचा तक्ता भरायला आलेला पोरगा
बँकॉकचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.
रकाने तीन : नष्ट, खराब, सुस्थितीत.
मी म्हटलं, उगवलंय.
तो म्हणाला, "आजी, तसा रकाना नाही."
(आजी कुणाची? मी चोपन्नची.)
उगवलेलं बी हे बी राहत नाही,
नियम मलाही पाठ आहे.
मी लिहिलं : नष्ट.

तलाव साफ करायला बजेट नव्हतं.
त्या संध्याकाळी ख्वान आणि मी
उथळ बाजूला, गाळात,
जिथे निळ्या फरशीवर अजून लिहिलेलं दिसतं
"येथे उडी मारू नये,"
एकेक कोंब खोचत गेलो.
चांदी-सोनं सरकलं थोडं. जागा दिली म्हणा.

सहा आठवड्यांनी एकशे बाराची भरपाई आली,
दोनशे दहा बाट.
ख्वानचे बूट फाटले होते, ते घेतले.
सोमवारी तिची तोंडी परीक्षा होती,
नवे बूट चिखलाने भरवून गेली.