सुकती

दवाखान्याच्या पाटीवर माझ्या तीन पदव्या,
दोन इथल्या, एक साहेबाच्या देशातली.
खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान.
लोक विचारतात, ते डोक्याचं कुठे?
तिथला पोऱ्या नुसतं बोट वर करतो.

गोमीबाई मढवी आल्या मुलाच्या मागून,
चपला दाराबाहेर काढून.
हरेश म्हणाला, आईला पाणी ऐकू येतं.
अकराव्या मजल्यावर, फरशीखालून, रात्रीचं.
प्लंबर दोनदा येऊन गेला.
परवा दोन वाजता अनवाणी निघाली खाडीकडे,
वॉचमनने गेटवर अडवली.

मी पेन उघडलं.
हेच पेन मस्कतला होतं,
जिथे एक खजुराचा व्यापारी छातीवर तळहात ठेवून म्हणायचा,
सदरी दायिक, छाती अरुंद झालीय,
आणि मी त्याचा ईसीजी काढायचे.
तीन ईसीजी. तिन्ही सुरेख.
चौथ्या खेपेला त्यानं मुलीच्या लग्नाचं काढलं.

ब्रॅडफर्डला दुभाषी होती, शमीम.
समोरची बाई दहा मिनिटं बोलायची, रडायची, पदर पिळायची,
आणि शमीम म्हणायची, तिला वाईट वाटतंय.
पण मी फसले ते जिथे दुभाषी लागत नव्हता तिथे.
मिस्टर हॉल्डन, गिरणीतले जुने फिटर,
दर वेळी म्हणायचे, तक्रार नाही.
मी लिहायचे : तक्रार नाही.
त्यांच्या बायकोचा फोन आला तो गुरुवार होता.
त्यांच्याकडे तक्रार नाही कशाला म्हणतात
हे मग तिनं मला सांगितलं,
माझ्याच कपात चहा ओतत.

म्हणून आता विचारते. बाहेर पेशंट खोळंबले तरी विचारते.
पाणी काय बोलतं, गोमीबाई?

त्यांनी माझ्याकडे बघितलं,
जसं कुणी वेड्याकडे बघतं.
'पानी कई बोलतंय का कवा?
भरती हाय का सुकती, तवरंच कलतं.'

सुकती.
माझी मराठी साताऱ्याची, घाटावरची, कोरडी.
त्यांनी तळहात उताणा केला
आणि टेबलावरून हळूच मागे ओढला,
काचेवर ओल राहिल्यासारखा.

टॉवर उभा आहे तिथे त्यांचं मिठागर होतं.
हे हरेशनं सांगितलं, साडेबारा टक्क्यांचा हिशेब सांगताना.

रात्री मी पेपरात भरतीची वेळ काढून पाहिली.
त्यांनी सांगितलेल्या वेळेत नि छापलेल्या वेळेत
चार मिनिटांचा फरक.
यानं काही सिद्ध होत नाही.
चंद्र त्यांच्याही गॅलरीतून दिसतो,
आणि साठ वर्षं मीठ ओढलेल्या बाईला तिथी सांगावी लागत नाही.
शिवाय चाळीस रात्री झोप नव्हती,
खालून रस्त्यावर डंपर धावतात.
मी अर्धी गोळी लिहिली. पुन्हा लिहावी लागली तरी लिहीन.

तीन आठवड्यांनी आल्या, अंगावर थोडं मांस धरून.
झोप? बेस.
जेवण? बेस.
पाणी?
हरेश म्हणाला, बंद. एकदम बंद, मॅडम. थँक यू.

उठल्या. दारात एका हातानं चौकट धरून
चपलेत पाय घालता घालता म्हणाल्या,
'पन डाक्तर, सुकती लय लांबली.'

फॉर्मवर एक रकाना आहे : तक्रार.
पेन उघडं होतं.
खाली पोऱ्या कुणाला तरी
बोट वर करून दाखवत होता.