माणसे सात

रेवदंड्याच्या जुन्या जकात दप्तरात
वाळवीनं सोडलेल्या एका पानावर
विसाजी कारकुनाच्या हातची नोंद आहे:
'गलबत फुटोन माणसे सात किनारी लागली, मेलेली.
मासळीने तोडिली, जात कळेना.
सबब उंडीखाली पुरली.'

ही ओळ पहिल्यांदा वाचली
तेव्हा माझे केस काळे होते, आणि मतं केसांहून काळी.
टेबलावर मूठ आपटून म्हणालो, सापडलं!
राष्ट्र म्हणजे काय, धर्म कुठे संपतो,
सगळं या सातजणांच्या तोंडून वदवायचं.
मेलेले बरे असतात त्या कामाला,
मध्ये बोलत नाहीत.
बोटाला थुंकी लावून पान उलटलं.

मागच्या बाजूला तोच हात, तीच शाई:
'मिरे गोणी नऊ, तांब्याचे पत्रे, घांट एक,
गावचे लोकांनी रात्रौ लांबविले.
पुसता कोणी बोलत नाही.'

ज्यांनी खड्डे खणले, त्यांनीच.
बहुधा त्याच कुदळी खांद्यावर घेऊन.
ग्रंथ राहिला.
पुढे लिहिले ते मिठागरांच्या साऱ्याविषयीचे लेख,
तळटीपांसह.

परवा सकाळी मुलं आली, मोटारसायकली उंडीखाली लावून.
पुढे चांगदेव नाखव्याचा नातू,
दहावीला इतिहासात माझ्याकडून तीन गुण मागून नेलेला.
'सर, चौथरा बांधतोय.
ते सात आपलेच ना? तेवढं सहीनिशी द्या.'
संध्याकाळी दिलदार मुकादम आला,
चपला पायरीखाली काढून, हळू आवाजात.
'सर, समुद्रातनं आलेले ते आमचेच की.
मजारीला कुंपण घालू म्हणतो.'
दोघांनी एकाच बरणीतली खारी खाल्ली,
दोघांच्याही शर्टावर चुरा सांडला.
अडीचशे वर्षं ज्यांचं बेवारस प्रेत उचलायला कोणी आलं नाही
त्यांना आज एका दिवसात दोन दोन घरं.

रात्री अश्दोदहून इलायजा नवगावकरचा फोन.
त्याच्या आजोबांचा घाणा शनिवारी बंद,
म्हणून आमची आई शुक्रवारीच तेलाचा तांब्या देऊन पिटाळायची.
एकाहत्तर साली गेला. मुलगा तिकडच्या फौजेत.
आधी विचारतो, यंदा सोडे काय भाव?
मग मी त्या सातजणांचं सांगितलं.
खोकला येईपर्यंत हसला.
'अरे, आमचेही पूर्वज फुटक्या गलबतातनं आले,
सात जोडपी, नवगावच्या वाळूत!
लिहून ठेव माझंही नाव. तिसरा दावा.'
आणि मग बराच वेळ
फोनवर दोन्हीकडून नुसता समुद्र.

कोरलईची फिलोमिना मागीलदारी भांडी घासत होती.
घरी ती जी भाषा बोलते
ती चारशे वर्षांपूर्वी जहाजातून उतरली
आणि परत जायचं विसरली.
राख झटकून म्हणाली,
'माणसांचं सगळे इचारतात, सर.
घांट कुठं गेली?'

काही बोललो नाही. दिवा मालवला.

मला माहीत आहे घांट कुठे गेली.
तीस वर्षांपूर्वी, दीपोत्सवाच्या आदल्या दिवशी
देवळाच्या सभामंडपात शिडीवर चढलो होतो, जळमटं काढायला म्हणून.
काजळी आणि तेलाच्या थराखाली अक्षरं लागली बोटाला.
वाचता येतात मला.
शिडी धरून खाली गुरव उभा होता.
'काय आहे, सर?'
'काही नाही,' म्हणालो, 'नुसती नक्षी.'
आणि धोतराला बोटं पुसली.

तेव्हा नवीन घर बांधत होतो या गावात.
विहिरीला पाणी लागलं होतं.

पहाटे काकडआरतीला ती वाजते,
किंचित चिरकी, वाळूत पडून राहिल्यासारखी.
नाखव्याचा नातू वाजवतो, हात उंच करून.
पलीकडे मुकादमांच्या अंगणात कोंबडी दचकतात.
मी पांघरुणात, डोळे मिटून,
टोल मोजतो.
विसाजी, तुझ्या वहीत
अजून एका नावाला जागा आहे का?
पुसता बोलत नाही, त्या कोणीत.