पुलाचा कर

पुलाच्या राखणदाराने कर मागितला:
चाळीस नाणी, नाहीतर जिवापाड जपलेली एखादी वस्तू.
माझ्याकडे दोनशे बारा नाणी होती.
पुढच्या गावात मला ढाल घ्यायची होती, पितळी काठाची,
म्हणून थेस्काकडे वळले
आणि चार वाक्यांतलं तिसरं निवडलं:
'तुझी शिट्टी देऊन टाक त्याला.'

हाडाची शिट्टी. तिने दिली.
'ठीक आहे,' एवढंच म्हणाली.
मी तेव्हा राईच्या पावाला लोणी लावत होते.
ओउलूत पहाटेचे पाच, बाहेर उणे तेवीस,
इस्पितळाच्या धुलाईघरातली रात्रपाळी संपवून
सायकलवरून बर्फ तुडवत आलेली मी,
बोटांना अजून उकळलेल्या चादरींचा वास.

पुढे साठ तास ती माझ्या डाव्या हाताला चालली.
दलदलीत माझ्या नावाचा बाण तिने आपल्यावर घेतला,
कानाची पाळी फाटली, वण राहिला.
शेकोटीपाशी आईविषयी सांगायला लागायची.
दोनदा मी बटण दाबून पुढे पळाले.
तिसऱ्यांदा ऐकलं,
तेही फोन चार्जिंगला लावला होता म्हणून.

मार्चमध्ये किल्ला पेटला.
ती आत, मी बाहेर, मध्ये नुसता धूर.
पडद्यावर चार ओळी उगवल्या.
तीन पांढऱ्या.
चौथी करडी, दाबली तरी न दबणारी:
'शिट्टीच्या आवाजाच्या दिशेने धाव.'

मी ती दाबत राहिले.
वरच्या मजल्यावरचं कुणीतरी कुत्र्याला फिरवून आलं,
लिफ्ट थांबली, दार लागलं,
मी दाबत राहिले.

जतन केलेले सतरा थांबे होते.
सगळ्यात जुना, पुलाच्या अलीकडचा असेल म्हणून उघडला,
तर पुलाच्या पलीकडचा. दहा पावलं पलीकडचा.
सतराही ठिकाणी ती जिवंत
आणि सतराही ठिकाणी तिचा खिसा रिकामा.

कुठल्याशा कचेरीत, दिव्याखाली बसून
कुणीतरी लिहिलं असणार ते 'ठीक आहे'.
लिहिताना त्याला सगळं ठाऊक होतं.
मला त्या माणसाचा राग येतो,
आणि त्याने आणखी एक शब्द घातला नाही
याचं बरंही वाटतं.

'माझी आहे की जिवंत,' इस्त्रीच्या यंत्रावरचा वेइक्का म्हणाला,
'खानावळ चालवते. ढाल काय घेतेस, वेडी.'
रविवारी त्याच्याकडे गेले.
इमारतीच्या सौनात त्याची पाळी सहाची, म्हणजे तासभर हातात.
रेडिएटरवर मोजे वाळत होते.
पडद्यावर थेस्का, कमरेला फडकं, हातात पळी.
'ये, बस. सूप गरम आहे.'
हे वेइक्काला.

'तिला दलदलीचं विचार ना,' मी म्हटलं.
'कसली दलदल? आम्ही डोंगरावरून गेलो.'
ती हसली तेव्हा केस मागे सारले तिने.
दोन्ही कान शाबूत.
मला ते कान बघवेनात.
पावणेसहालाच उठले मी,
सौना तापत आला असेल, म्हटलं.

घरी येऊन नवा डाव मांडता आला असता.
शिट्टी राखायची, डोंगराची वाट धरायची,
एखादं चांगलं वाक्यही कुठे चुकवायचं नाही.
तशी थेस्का मिळाली असती मला. वेइक्काची.

मी जुनाच डाव उघडला, ती नसलेला.
ढाल विकली. एकोणीस नाणी आली.
मग उलट चालत निघाले, किल्ल्यापासून, दलदलीतून,
डावी बाजू मोकळी.

राखणदार तसाच बसलेला, खांद्यावर शेवाळ.
शिट्टी परत मागायचं वाक्य कुणी लिहिलेलं नाही, मी शोधलं.
त्याने कर मागितला:
चाळीस नाणी, नाहीतर जिवापाड जपलेली एखादी वस्तू.
माझ्या पिशवीतलं एकच खण उजळलं,
बाण काढताना कानाला लावलेली पट्टी,
रक्त तपकिरी पडलेलं.

मी नाणी मोजली.
चाळीस.
पूल ओलांडला.
पलीकडे काही काम नव्हतं.