सातवा मतदारसंघ

नोव्हेंबर. खराडी, सहावा मजला.
तिकडे मतदान संपतं
तेव्हा आमच्याकडे पोहे येतात.

एक राज्य, आठ मतदारसंघ,
मी कधी न पाहिलेले.
माझ्याकडे पाचवा आणि सातवा.
पाचवा आडव्या पडलेल्या किटलीसारखा,
सातवा पार वर, तळ्यांनी भोकं भोकं झालेला.
तिथले आकडे उशिरा येतात,
बर्फ असेल, नाहीतर मोजणारे म्हातारे.

धुमाळ सर म्हणतात,
अर्थ लावू नका, आकडे लावा.
लावते.
मी टाकलेला आकडा नाझनीननं पुन्हा टाकायचा,
जुळला की रकाना हिरवा.

साडेदहाला सातव्यात फरक उरला
एकेचाळीस.
म्हणजे आमची बी विंग,
वरचे भाडेकरू सोडून.
मी मनातल्या मनात बेल वाजवत निघाले:
लोणकर तिघं, पिल्ले दोघं,
डायलिसिसचा वार असला तरी
आधी मत देऊन जाणारे गुजर काका,
त्यांच्या समोरची, कुणाशी न बोलणारी बाई,
असं करत करत तळमजल्यावर
मी.

मी नाही.
महापालिकेच्या यादीत मी अजून धानोरीत,
माहेरच्या आडनावानं.
नव्या प्रभागाची रेघ तर गल्लीतूनच गेलीय,
इस्त्रीवाला राहतो पलीकडे,
त्याचं टेबल अलीकडे.

नाझनीननं खांद्याला बोट लावलं.
लाल झालाय बघ.

फरकाच्या रकान्यात
मी चाळीस टाकले होते.

पुसले. एकेचाळीस.
हिरवा.