डबी पर्समध्ये होती

मावसबहिणीचं लग्न, अक्कलकोट रोडच्या कार्यालयात.
चष्मा घरीच ठेवला, फोटोत काच चमकते म्हणून.
रात्री दीडला परतले
आणि गजराही न काढता पंख्याखाली आडवी झाले.
लेन्सची डबी पर्समध्ये, पर्स अम्माच्या पिशवीत,
पिशवी कुणाच्या तरी रिक्षात.

पहाटे डोळा उघडेना.
म्हणजे उघडला, पण आत कुणीतरी
शेंगांची टरफलं चुरून टाकलेली.
आरशात पांढऱ्याच्या जागी लाल सुताचा गुंता,
कच्च्या रंगाचा, पहिल्याच धुण्यात पसरलेला.

उजवी सुटली. डावी बुबुळाला धरून बसली.
मी रडले, मग रडण्यानंच सुटली.
बोटाच्या टोकावर माशाचं खवलं, कडा वळलेलं.
मिटल्या डोळ्यांनी रात्रभर
हिच्यातून मी काय पाहत होते?

सात रस्त्याच्या डॉक्टरीणबाई
निळ्या उजेडात वाकून म्हणाल्या,
"झोपलात ना घालून? ओरखडा आहे, भाग्यलक्ष्मी.
डोळ्यालाही हवा लागते हो. काम काय करता?"
टॉवेल तपासते, म्हटलं. सुटलेला धागा शोधते.
त्या हसल्या नाहीत, ते बरं झालं.

आता दुपार. त्रेचाळीस.
खिडकीला आमच्याच मागावरची चादर, मोराची,
ऊन मोर ओलांडून येतं.
दर चार तासांनी नायना थेंब घालतो,
ऑइलची जाड बोटं साबणानं दोनदा धुऊन.
तीस वर्षं त्याच्या पापण्यांवर कापसाची लव.
पाळी सुटली की नळाखाली डोळे धुतो, झालं.
कधी कुणाला दाखवले नाहीत.
माझी पापणी मात्र उचलतो
तुटलेला ताणा सांधायला उचलावा तशी, श्वास धरून.
"कदलकु," म्हणतो. हलू नकोस.
थेंब गालावरून कानात जातो.
पुन्हा.

पलीकडच्या शेडमध्ये बारा माग.
डोळे मिटून मी ऐकते,
नवव्याचा ठोका मध्येच अडखळतो.
"नायना, नऊ नंबर."
तो खाली बसून बाटलीचं टोपण शोधतोय,
फरशीवर हात फिरवत, एकदा, परत एकदा,
भिंतीपर्यंत जाऊन मागे.
टोपण त्याच्या अंगठ्यापाशी आहे.
मला, बिनचष्म्याच्या एका लाल डोळ्यानं,
धुरकट का होईना, दिसतं.

मी काही बोलत नाही.
गुरुवारी परत बोलावलंय.
दोन केसपेपर काढीन.