आचंद्रार्क

रुवैसच्या वर्कशॉपात मी पाट्या रंगवतो.
पिवळ्यावर काळं, तीन पाकळ्यांचं ते फूल,
खाली अरबी, इंग्रजी, उर्दू.
शाजी म्हणतो, मल्याळमही टाक, वाचणारे आम्हीच.

परवा मौजा मॅडम आल्या, अबाया सावरत, हेल्मेट काखेत.
म्हणाल्या, जळालेलं इंधन आधी पाण्यात निवतं,
वर्षानुवर्षं, बाळंतिणीसारखं जपून.
मग काँक्रीटच्या पिंपात.
पिंप टिकेल शंभरेक वर्षं.
आणि आतलं?
त्यांनी बोटं मोडायला घेतली, आणि हात खाली केला.
"अशी पाटी कर,
जी सगळ्या भाषा मेल्यावरही कळेल."

मला हसू आलं.
आमच्या शिवेवर एक गधेगाळ आहे, मॅडम.
कुठल्याशा राजाचा दगड.
वर चंद्रसूर्य, मध्ये अक्षरं,
खाली गाढव, आणि एक शिवी कोरलेली
जी आईसमोर सांगता येत नाही.
अर्थ एवढाच : ही जमीन जो बळकावेल
त्याच्या घरादाराची अशी गत,
चंद्रसूर्य असेतो.

अक्षरं आता कुणाला लागत नाहीत.
गाढव झिजून वासरू झालंय.
आम्ही त्याला तेल घालतो, शेंदूर लावतो,
माझ्या काकीनं तिथंच नवस बोलला
आणि बाळकृष्ण झाला; असतो पनवेलला.

तेव्हा तुमच्या पिंपालाही
कुणीतरी नारळ फोडेल एक दिवस.
पाळणा बांधेल.

मॅडम हसल्या नाहीत.
बराच वेळ खिडकीतून बघत राहिल्या,
खाऱ्या सबख्यापलीकडे, जिथं पॅनेलं
आकाशाकडे तोंड करून पडलेली.
मग विचारलं, "वर काय म्हणालास? गाढवाच्या वर?"

सूर्य, म्हटलं.
फुकटचा. त्याला पाटी लागत नाही.

"रात्री?" त्या म्हणाल्या.
यावर माझ्याकडे काही नव्हतं.

संध्याकाळी अक्षरं न घालता एक नमुना केला :
वाकलेला माणूस, उलटा हात,
वर, सवयीनं, चंद्रसूर्य.
वाळायला बाहेर ठेवला.
रात्री शमाल सुटला.
सकाळी ओल्या रंगात बोटभर वाळू रुतलेली,
माणूस दिसेना, हात दिसेना.

दहा हजार वर्षं राहू देत,
एक रात्र.

पॅनेलांवरही तीच वाळू बसली होती.
तिकडे पीरबक्ष
लांब दांड्याचा ब्रश घेऊन केव्हाच निघालेला.